अकरा रोपं, तीन गुंठे: सांगलीच्या काळ्या रानातली एक परसबाग

हे प्रकरण सांगली-मिरज रस्त्याच्या अंगाला असलेल्या एका घराचं आहे. घरच्यांची नावं आणि कॉलनी मुद्दामच दिलेली नाही. कर्त्या माणसाला सगळे अण्णा म्हणतात, तेच इथं ठेवलंय. त्यांचा मुलगा माझ्या वर्गातला. मी शेतीचं शिकलेला आणि नोकरीतली बरीच वर्षं रोपवाटिकेत घालवलेला, म्हणून मला बोलावणं आलं. सल्ला फुकट होता, हेही नोंदवून ठेवतो. फुकट सल्ला लोक अर्धाच पाळतात, आणि देणाराही प्रश्न अर्धेच विचारतो. या प्रकरणात दोन्ही झालं.

पार्श्वभूमी

प्लॉट तीन गुंठ्यांचा, साधारण 54 फूट बाय 60 फूट. घराचं तोंड पूर्वेला. पुढं दहा फूट, दक्षिणेला दहा, उत्तरेला जेमतेम पाच आणि मागं पश्चिमेला 16 फुटांचा पट्टा. या मागच्या पट्ट्यावरच सगळ्यांचा डोळा. कॉलनी व्हायच्या आधी इथं वर्षानुवर्षं ऊस होता. माती खोल काळी. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात तीच चिखल होऊन चप्पल ओढून घेते.

2018 च्या जूनमध्ये वास्तुशांत झाली आणि त्याच आठवड्यात रोपं आली. हापूस एक, केसर एक, चिकू, पेरू, सीताफळ, लिंबू, मोसंबी प्रत्येकी एक, डाळिंबं दोन, पपया दोन. एकूण अकरा. हापूस काकूंच्या हट्टापायी; त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं. डाळिंब अण्णांच्या आटपाडीच्या मेहुण्यांनी सुचवलेलं. बाकीची नर्सरीत गेल्यावर समोर दिसली म्हणून. परसबागेतली बहुतेक झाडं अशीच ठरतात.

लागवड मात्र अगदी पुस्तकाबरहुकूम. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डे. त्यात विकत आणलेली तांबडी माती, शेणखत, निंबोळी पेंड. रोपं, माती, मजुरी सगळं मिळून नऊ हजारांच्या वर खर्च झाला. पहिलं वर्ष झकास गेलं. पपईला फळं धरली, डाळिंबाला फुलं आली. पेरू छातीला लागला.

अडचण

2019 च्या ऑगस्टचा महापूर सांगलीकरांना वेगळा सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फुटांची, आणि पाणी 57 फुटांवर गेलं. अण्णांच्या घरापर्यंत नदी आली नाही. पण पाऊस दिवसचे दिवस लागून राहिला, आणि परसात घोट्याएवढं पाणी आठवडाभर उभं होतं.

पपया दोन दिवसांत माना टाकून बसल्या. मग डाळिंबं, मग लिंबू. हापूसची पानं हिरवी असतानाच वाळली. सप्टेंबरअखेर सहा झाडं गेलेली होती. केसर अजून उभा होता, पण दिवाळीनंतर तोही गेला.

मी पहिल्यांदा गेलो तो ऑक्टोबरात. अण्णा मला थेट मागं घेऊन गेले आणि म्हणाले, "कुठलं औषध मारायला पाहिजे होतं ते सांग."

मी मेलेलं डाळिंब धरून ओढलं. जोर लावावाच लागला नाही. मुळांची साल हातात मोज्यासारखी निघून आली, आत काळपट दोरा राहिला, आणि नाल्याचा असतो तसला वास सुटला. खड्ड्यात पहार घातली. वरची तांबडी माती भुसभुशीत, फूटभर खाली ओली, आणि अडीच फुटांवर पहारेचं टोक डबक्यात बुडल्यासारखं झालं. पाऊस थांबून दोन आठवडे होऊन गेले होते.

औषधाचा इथं काही संबंध नव्हता. काळी माती पाणी खाली सोडताना फार वेळ घेते. तिच्यात खड्डा खणून सच्छिद्र माती भरली, की चारी बाजूंचं पाणी त्या मऊ जागेत येऊन साठतं, आणि बाहेर जायला वाट नसते. अण्णांनी मोठ्या कष्टानं अकरा हौद बांधले होते आणि त्यात झाडं बुडवली होती. मुळांना पाण्यापेक्षाही आधी हवा लागते, आणि ती तिथं नव्हती. हा "तीन बाय तीनचा खड्डा, तांबडी माती" मंत्र मुरमाड जागी, हलक्या रानात चांगलाच चालतो. कृष्णाकाठच्या खोल काळ्या रानात तोच झाडाच्या मुळावर उठतो.

जागेची तपासणी

अण्णांना लगेच नवी रोपं आणायची होती. मी त्यांना हंगामभर थांबवलं. यावर आमचं थोडं वाजलंही.

आधी जगलेली झाडं पाहिली. या प्रकरणात सगळ्यात जास्त माहिती त्यांनीच दिली. चिकू आणि पेरू तग धरून होते. ही दोन्ही झाडं काही दिवस पाणी सोसतात. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातलं सीताफळ मात्र नुसतं जिवंत नव्हतं, तजेलदार होतं. सीताफळाला पाणी साचलेलं अजिबात खपत नाही, मग हे जगलं कसं? तिथं खणलं तर फूटभर मातीखाली मुरूम आणि विटांचे तुकडे लागले. बांधकामाच्या वेळी उरलेला राडारोडा गवंड्यांनी त्या कोपऱ्यात टाकला होता. अण्णांनी ज्याच्यावरून कंत्राटदाराशी भांडण केलं, त्याच राडारोड्यानं सीताफळ वाचवलं.

फाटकाशेजारची मोसंबीही हिरवीगार होती. जवळून पाहिलं तर फांद्यांना बोटाच्या पेराएवढे काटे, आणि सगळी वाढ कलमाच्या सांध्याच्या खालून. वरचा मोसंबीचा डोळा, म्हणजे कलमाला बसवलेला कोंब, कधीच वाळून गेला होता. वाढला होता तो रंगपूर लिंबाचा खुंट, म्हणजे ज्याच्यावर मोसंबीचं कलम केलं होतं ते खालचं झाड. काकू म्हणाल्या, "तरीच गेल्या वेळची दोन फळं तोंडात धरवेनात. रंग नारिंगी आणि आंबट अशी की दात शिवशिवले!" रंगपूर खुंट मोसंबीला वापरतात तो चिवटपणासाठीच. चुनखडीची आणि थोडी क्षाराची जमीन तो सोसतो.

मग पाण्याची परीक्षा. दीड फुटाचे खड्डे तीन ठिकाणी घेतले, एकदा भरून मुरू दिले, दुसऱ्यांदा भरून काठी उभी करून खुणा केल्या. सीताफळाच्या कोपऱ्यातला खड्डा दुपारपर्यंत रिकामा. मागच्या पट्ट्याच्या मध्यावरचा चोवीस तासांत दोन बोटं उतरला.

मातीचा नमुना तपासायला दिला. सामू (pH) 8.4, चुनखडी भरपूर, क्षार नेहमीपेक्षा वर पण हाताबाहेर गेलेले नाहीत. बोअरचं पाणी जिभेलाच मचूळ लागत होतं, तपासणीतही क्षारयुक्त निघालं. उसाला वर्षानुवर्षं पाटानं पाणी पाजलेल्या रानात हे आश्चर्याचं नाही. दुकानदारानं अण्णांना जिप्समची पोती सुचवली होती, ती मी घेऊ दिली नाहीत. जिप्सम कामाला येतं ते जमीन चोपण असेल, म्हणजे सोडियम मातीला चिकटून बसला असेल तेव्हा. नुसते क्षार असतील तर त्यांना लागतो निचरा आणि वरून गोडं पाणी.

शेवटची परीक्षा उन्हाची. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काकूंनी रांगोळीनं सावलीच्या रेषा मारल्या: सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन. दक्षिणेला शेजाऱ्यांचं दुमजली घर आहे. त्या बाजूचा दहा फुटी पट्टा हिवाळ्यात दिवसाकाठी तास-दीड तासापलीकडे ऊन बघत नाही, हे तेव्हा कळलं. मेमध्ये तिथंच पाय भाजतात, म्हणून अण्णा तो पट्टा "सगळ्यात उन्हाचा" समजत होते आणि पेरू तिथंच लावला होता. मागच्या पट्ट्यात मात्र दुपारपासून मावळेपर्यंत चांगलं ऊन मिळत होतं.

समोरचे पर्याय

एक पर्याय अण्णांचा: मागची सगळी माती तीन फूट काढून टाकायची, तांबडी भरायची. खर्च तर होताच, शिवाय अकरा छोट्या हौदांच्या जागी एक मोठा हौद झाला असता. आणि घराच्या पायाशेजारची काळी माती उकरून तिथं पाणी साठवणं म्हणजे भिंतीला तडे आमंत्रण देऊन बोलावणं.

दुसरा मुलाचा, पुण्याहून फोनवर: "सगळं ड्रममध्ये लावा." प्लास्टिकच्या ड्रममध्ये लिंबू, अंजीर येतं. पण उन्हाळ्यात त्याला रोज पाणी लागतं, आणि म्हातारा-म्हातारी मार्च-एप्रिल नातीकडे पुण्यात असतात. एवढ्यावर तो पर्याय निकालात निघाला.

तिसरा माझा: जमिनीवर उंचवटे करायचे, पाण्याला बाहेर जायला चर द्यायचा, झाडं निम्म्यावर आणायची, आणि जी जगली आहेत त्यांच्यापासून सुरुवात करायची.

चौथा पर्याय काहीच न लावण्याचा. तो कुणी मांडला नाही. अण्णांनी मनातल्या मनात मांडला असावा, कारण नोव्हेंबरात त्यांनी फोन घेणं बंद केलं होतं.

निर्णयाच्या जागा

किती झाडं, हा पहिला वाद. "एवढी जागा पडलीय, चार झाडांत काय करायचं?" हे अण्णांचं पालुपद. मी मागच्या पट्ट्यात दोरी आणि खुंट्या घेऊन गेलो. आंब्याच्या जागी खुंटी ठोकली आणि सहा फुटांच्या दोरीनं वर्तुळ काढलं: छाटून आटोक्यात ठेवलेला केसर एवढा होतो. चिकूभोवती आठ फुटांच्या दोरीनं. पेरूभोवती पाच फुटांच्या. पट्टा 54 फूट लांब, त्यात सेप्टिक टाकी. तीन वर्तुळं झाली आणि शिडी ठेवायला जागा उरली तेवढीच. अण्णा बराच वेळ त्या दोरीकडे बघत उभे राहिले, मग म्हणाले, "मग मागच्या वेळी अकरा कशी बसली रे?" बसली कारण तेव्हा ती कमरेएवढी होती.

दुसरा निर्णय आंब्याचा. खरं सांगायचं तर ही जागा आंब्याची नव्हतीच. आंब्याला क्षार सोसत नाहीत, पानांची टोकं आधी करपतात. पण परसात आंबा नाही ही कल्पनाच घरात कुणाला पेलवेना, आणि झाड माणसांसाठी लावायचं असतं हेही आहेच. हापूस नको यावर मी ठाम होतो. तो एकाआड एक वर्ष धरतो आणि कोकणाबाहेर फळातही तो गुण उतरत नाही. आम्रपालीचा विचार झाला. दशहरी आणि नीलमचा हा संकर मुळातच ठेंगणा, दरवर्षी फळ देणारा, लहान जागेला सोयीचा. पण चवीवरून मत पडलं आणि केसर ठरला, एका अटीवर: त्याला बोअरचं पाणी द्यायचं नाही, फक्त नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं.

तिसरा निर्णय पेरूचा. सावलीतलं जुनं झाड उचलून मागं न्यायचं की नवं आणायचं? दीड वर्षाचा पेरू मुळांच्या गड्ड्यासकट हलतो, पण त्याची मुळं आधीच अर्धी सडलेली. शंभराच्या आतबाहेरच्या रोपासाठी एवढा खटाटोप कशाला, असं म्हणून नवा सरदार आणायचं ठरलं. सरदार म्हणजे जुन्या लोकांचा एल-49, पुण्याची निवड. पेरूला नव्या फुटीवर फळ येतं, त्यामुळं त्याला कितीही कापा, तो राग धरत नाही. चिकूचं उलट: फळ फांदीच्या शेंड्याकडे. त्याची टोकं कापली की फळं गेली. म्हणून पेरू दाटीत चालतो, चिकूला मोकळी बाजू द्यावी लागते. लहान जागेत झाड निवडताना लोक चव विचारतात, फळ कुठल्या लाकडावर येतं ते विचारत नाहीत. मला दुसरा प्रश्न जास्त उपयोगी वाटतो.

चौथा निर्णय त्या रंगपूरचा. काकूंना तो काढून टाकायचा होता. मी म्हटलं, या मातीत, या पाण्यात हे मूळ जगलंय. त्यावरच लिंबाचा डोळा भरू. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा साई शरबती हा कागदी लिंबाचा चांगला वाण आहे, त्याची डोळकाडी, म्हणजे डोळे काढायची फांदी, आणली. मोसंबी पुन्हा भरायचा विचार सोडला, कारण घरात मोसंबी वर्षातून दोनदा लागते आणि लिंबू रोज.

पाचवा निर्णय नारळाचा, आणि तो माझ्या हातून निसटला. काकूंचं म्हणणं, "नारळाशिवाय घर उघडं दिसतं." मी नाही म्हटलं. पुढच्या ईशान्य कोपऱ्यावरून विजेची तार जाते, पलीकडे शेजाऱ्यांची पत्र्याची शेड, आणि नारळ काढायला माणूस मिळवताना घाम फुटतो. काकू काही बोलल्या नाहीत. माणूस बोलत नाही तेव्हा पटलंय असं समजण्याची चूक मी केली.

केलेलं काम

जानेवारी 2020 मध्ये रंगपूरचे सगळे फुटवे काढून एक सरळ सोट ठेवला आणि त्याला डोळा भरला. पहिला वाळला. पंधरा दिवसांनी थोडा वर दुसरा भरला, तो फुटला.

मार्चमध्ये मुरमाची ट्रॉली सांगितली आणि टाळेबंदी लागली. मुरूम मेअखेर आला. मधल्या दोन महिन्यांत पुण्याला न जाता आलेल्या अण्णांनी एकट्यानं चर खणला: मागच्या पट्ट्यातून उत्तरेच्या बोळानं थेट रस्त्याच्या गटारापर्यंत, फूटभर रुंद, दोन फूट खोल, उतार पाण्याच्या नळीनं लेव्हल बघून दिलेला. तळाला विटांचे तुकडे भरले. चिकू जागचा हलवला नाही; त्याच्या खड्ड्याच्या तळापासून आडवी नाळ काढून या चराला जोडली. हौदाला तोटी बसवली म्हणायचं. फाटकाजवळच्या लिंबाची तशीच नाळ पुढच्या गटारात सोडली. या सगळ्या प्रकरणात कामाचा एकच तुकडा निवडायचा झाला तर मी हा चर निवडीन.

आंबा आणि पेरूसाठी खड्डा नाहीच. जागेवरची माती टिकावानं वीतभर उकरली, तिच्यावर दोन भाग तिथलीच काळी, एक भाग मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत असा दीड फूट उंच, सहा फूट रुंद उंचवटा. जुलैत पहिला पाऊस बसल्यावर रोपं लावली, कलमाचा सांधा मातीच्या चार बोटं वर ठेवून. बुंध्याला चिकटून आळं करायचं नाही, उसाच्या पाचटाचं आच्छादन द्यायचं आणि तेही बुंध्यापासून लांब.

दक्षिणेच्या सावलीच्या पट्ट्यात काकूंनी हळद आणि कढीपत्ता लावला. सांगलीत हळदीला जागा नाही म्हणणं शोभतही नाही. धुण्याच्या दगडाजवळ केळीचे दोन मुनवे. कुंपणावरचं जुनं सुबाभूळ तोडायचं अण्णांच्या मनात होतं, पण शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शेवटी ते राहू दिलं. त्याची सावली पडते ती सेप्टिक टाकीवर.

निकाल

2021 च्या जुलैत पुन्हा महापूर आला. अण्णांनी रात्री साडेअकराला व्हिडिओ पाठवला: बॅटरीच्या उजेडात चरातून गढूळ पाणी खळखळत गटाराकडं चाललंय. परसात पाणी साचलं, पण दोन दिवसांत उतरलं. एकही झाड गेलं नाही. आंब्याचा उंचवटा मात्र एका बाजूनं ढासळला आणि केसाएवढी पांढरी मुळं उघडी पडली. सहा फूट रुंदी कमी पडली होती. पुढच्या उन्हाळ्यात दगड रचून तो नऊ फुटांचा केला.

पेरूनं 2022 पासून चांगलं दिलं, पण पहिल्या खेपेला फसवलं. फेब्रुवारीतली फुलं ठेवली, फळं पावसाळ्यात पिकली, आणि कापलं की आत अळ्या. फळमाशी. पुढच्या वर्षापासून उन्हाळ्यात पाणी तोडून ताण द्यायचा, मेमध्ये शेंडे छाटायचे आणि जूनच्या नव्या फुटीवरचा मृग बहार धरायचा असं बसवलं. आता फळ थंडीत येतं, गोड आणि स्वच्छ. शेंडे छाटायचं काम अण्णा स्वतः करतात आणि दरवर्षी जरा जास्तच करतात.

लिंबाला 2023 मध्ये फळ लागलं. नव्या पानांवर केवडा पडतो, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. वर्षातून दोन-तीनदा हिराकस (फेरस सल्फेट), लिटरला पाच ग्रॅम, पानांवर फवारली की झाड सावरतं. खालून रंगपूरचा फुटवा अजून निघतो. तो दिसला की काकू चहा ठेवून विळी घेऊन जातात.

सीताफळ जगलं खूप, धरलं कमी. 2022 मध्ये चार फळं. त्याच्या फुलात मादीचा भाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतो, त्यामुळं एकट्या झाडाची वेळ जुळत नाही. 2023 च्या जूनमध्ये नात सुट्टीला होती. संध्याकाळी पूर्ण उमललेल्या फुलांचे पराग कागदाच्या पुडीत घ्यायचे, आणि पहाटे सहाला रंगाच्या बारीक कुंचल्यानं अर्धवट उघडलेल्या फुलांच्या पाकळ्या बाजूला करून आत फिरवायचे. तिनं 31 फुलांना दोरा बांधला. बारा फळं टिकली. पहिलं तिनं पुण्याला नेलं आणि डब्यात पिकवून शाळेत दाखवलं.

चिकू शांतपणे वाढतोय आणि देतोय. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि याच कारणासाठी या मातीत मी पहिलं झाड चिकूचं सुचवतो.

आंब्याचं दुखणं 2022 मध्ये सुरू झालं. पानांची टोकं करपली, मग कडा. बोअरचं पाणी दिलं का विचारलं, तर अण्णांनी देवाची शपथ घेतली, आणि ते खरंच बोलत होते. पोटॅशची कमतरता असावी म्हणून मी दोन महिने भलतंच करत बसलो. एका दुपारी मी मागं उभा असताना स्वयंपाकघराच्या भिंतीतून आलेल्या पांढऱ्या नळीतून पाणी टपकायला लागलं आणि थेट आंब्याच्या उंचवट्यावर गेलं. नळी कसली म्हणून विचारलं. सूनबाईंनी आरओ बसवला होता, बोअरच्या पाण्यावर. त्यातून वाया जाणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून तिनं मोठ्या हौसेनं ते झाडाला जोडलं होतं. आरओ गोडं पाणी आपल्याला देतो आणि उरलेले क्षार घट्ट करून त्या नळीतून सोडतो. म्हणजे ज्या झाडाला बोअर बंद केलं होतं, त्यालाच बोअरचा अर्क चालला होता.

नळी काढून ती पोर्च धुण्याच्या बादलीत सोडली. सूनबाई खजील झाल्या, पण त्यात त्यांची चूक नव्हती. पाणी वाचवायला सगळेच सांगतात. त्या पावसाळ्यात क्षार बरेच धुपून गेले आणि नवी पालवी स्वच्छ आली. 2024 मध्ये पहिली सात फळं लागली, त्यातली तीन वळवानं पाडली. झाड वयाच्या मानानं लहानच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

2018 च्या जूनमध्ये एक खड्डा खणून त्यात दोन बादल्या पाणी ओतलं असतं, तर नऊ हजार वाचले असते. ही परीक्षा रोप आणायच्या आदल्या आठवड्यातसुद्धा होते. उन्हाची परीक्षा मात्र घाईनं होत नाही. डिसेंबर एकदा बघावाच लागतो. त्यासाठी एक हंगाम थांबणं लोकांना जड जातं, मला कळतं, पण आंबा तीस-चाळीस वर्षं एका जागी उभा राहणार असतो.

माझी चूक मोठी आहे. मी "बोअरचं पाणी द्यायचं नाही" असं सांगितलं आणि समजलो की झालं. विचारायला हवं होतं ते असं: या घरात पाणी कुठून कुठून येतं आणि कुठून कुठून बाहेर पडतं? नळ, बोअर, आरओ, कूलर, धुण्याची मशीन. आता कुठल्याही परसात गेलो की आधी भिंतीतून बाहेर आलेल्या नळ्या मोजतो. आणि केळीचे जे मुनवे धुण्याच्या दगडाजवळ लावायला मीच होकार दिला, त्यांना साबणाचं पाणी जातं. ती केळी बोटभरच येतात. तेही तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

आंब्याऐवजी तिथं आवळा सुचवायला हवा होता का, हा प्रश्न मला अजून पडतो. या मातीला आवळा शोभला असता, क्षाराच्या जमिनीत तो भल्याभल्यांना मागं टाकतो. पण त्याला नीट धरायला जोडीला दुसऱ्या वाणाचं झाड लागतं, म्हणजे दोन जागा. आणि आवळा चाखून बघायला नात पुण्याहून आली असती असं वाटत नाही.

राहिला नारळ. 2020 च्या दसऱ्याला काकूंनी माहेरून आणवलेलं रोप, मला न सांगता, ईशान्य कोपऱ्यात त्याच तारेखाली लावलं. खड्डाही तोच, तीन बाय तीनचा, आणि पाणी सरळ बोअरचं. सगळ्या परसात तेच झाड सगळ्यात जोमदार आहे. नारळाला खारं पाणी चालतं, हे मला माहीत होतं. माझा आक्षेप तारेचा होता आणि तो आजही आहे. परवा गेलो तेव्हा वरची झावळी तारेपासून हातभर खाली होती. मी वर बघत उभा राहिलेला काकूंनी खिडकीतून पाहिला.

"तार हलवतील की रे," त्या म्हणाल्या, "चहा घे आधी."